पोथीची पूजा चालू द्या, पाणी तेवढं लांब ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरच्या देवघरात गुरुचरित्राची हस्तलिखित पोथी आहे. सासरे गेल्यापासून तिचं पारायण झालेलं नाही. सासूबाई मात्र रोज बासनावर, म्हणजे पोथी बांधलेल्या कापडावर, हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात, गुरुवारी साखरेचा नैवेद्य दाखवतात. उघडत कोणीच नाही. मुलगा म्हणतो, एखाद्या संस्थेला देऊन टाका. पूजा थांबवायची का, डाग काढता येतील का, आणि न वाचता नुसतं पूजण्यात अर्थ तरी काय, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की आधीचे दोन सोपे होतात.

जुन्या हस्तलिखितांची देखभाल हे माझं काम. आमच्या क्षेत्रात ‘पूजेतली पोथी’ म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. कुंकवाने माखलेली, तुपाने आरपार दिसू लागलेली पानं समोर आली की मीही मनातल्या मनात दोन शब्द बोलून घेतो. पण घराघरांतून पोथ्या बघत आल्यावर एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या टिकल्या, त्यांतल्या बऱ्याचशा देवघरातल्या. माळ्यावरच्या, फडताळातल्या, ‘सुट्टीत बघू’ म्हणून ट्रंकेत टाकलेल्या पोथ्या वाळवीने आणि गळक्या कौलांनी नेल्या. देवघरातल्या पोथीकडे रोज कुणाचं तरी लक्ष जातं. कपडा दमट लागला, भुगा पडलेला दिसला, वास आला, तर त्याच दिवशी बोंब होते. तुमच्या सासूबाई रोज तेच करताहेत, फक्त त्या त्याला देखभाल म्हणत नाहीत.

आता अर्थाचं. गुरुचरित्राचंच घ्या. सप्ताहाचा सर्वसाधारण प्रघात असा की पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. वाचणाऱ्याने सोवळ्यात बसायचं, समोर दत्तमहाराजांसाठी पाट मांडून तो रिकामा ठेवायचा, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, रात्री खाली चटईवर निजायचं. दुसऱ्या दिवशी एका बैठकीत बारा अध्याय वाचणाऱ्याचं लक्ष ओवीओवीच्या अर्थावर असतं, असं मी तरी म्हणणार नाही. ऐकणाऱ्यांचंही नसतं, निम्मं घर स्वयंपाकघरात नैवेद्याच्या गडबडीत असतं. तरी वाचन चालू आहे हे ओसरीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या सात दिवसांत घराचं खाणं बदलतं, बोलणं बदलतं, भांडणं पुढे ढकलली जातात. हे सगळं त्या ग्रंथानेच घडवलेलं असतं, आणि त्यासाठी प्रत्येक ओवी कुणाला समजावी लागत नाही.

आणि हे पोथीच्या अंगावर उमटतं. तुमची पोथी उघडाल तेव्हा वर सांगितलेले अध्याय जिथे संपतात ती पानं आधी बघा. त्या दिवशीचं वाचन तिथे थांबायचं, फूल तिथे ठेवलं जायचं, आरती व्हायची, बासन बांधलं जायचं. त्यामुळे शेजारच्या पानांपेक्षा ही पानं बहुधा जास्त मळकी असतात. कधी पाकळीचा तपकिरी ठसा असतो, कधी कुंकवाची चिमूट, कधी कापराच्या काजळीचा धूसर पट्टा. चौदावा अध्याय रोज म्हणण्याचा रिवाज पुष्कळ घरांत असल्याने ती पानं उजव्या खालच्या कोपऱ्याला अंगठ्याने गुळगुळीत आणि काळपट झालेली सापडतात. याउलट काही अध्यायांची पानं इतकी कोरी करकरीत असतात की लिहिण्याआधी घोटलेल्या कागदाची चमक अजून दिसते. या घरात ग्रंथ कसा चालत होता याची ही नोंद आहे. ती कुठल्याही सूचीत सापडणार नाही आणि छापील प्रतीत तर नाहीच. म्हणून डाग काढण्याच्या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच देऊन टाकतो: काढू नका.

पोथी हा फक्त मजकूर आहे, असं आपल्याकडे लिहिणाऱ्यांनीही कधी मानलं नाही. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ अध्यात्म बाजूला ठेवून अक्षराचं वळण, ओळींची सरळ चाल, बरू, टाकतोडणी (लेखणीचं टोक छाटणं), शाई, हिंगूळ (लाल रंग) यांवर बोलतात आणि शेवटाकडे येता येता गोप (बांधायच्या दोऱ्या), बासनं, शेंदरी रंगाची मेणकापडं, पेट्या आणि कुलुपं अशी यादीच देतात. ग्रंथ कसा दिसावा, कशात बांधावा, कशात ठेवावा, हे त्यांच्या लेखी लिहिण्याच्याच कामात मोडतं. नकलून घेणारे लेखकही पोथीच्या शेवटी एक श्लोक हमखास टाकत: ‘तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’. मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचव, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच म्हणतंय. आमच्या प्रशिक्षण वर्गात याहून फार वेगळं काही शिकवत नाहीत.

छपाई आली तेव्हाही गाडं अडलं ते मजकुरावर नाही, शाईवर. छापखान्याच्या शाईत चरबी असते असा समज होता, म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालेना. त्यावर तोडगा म्हणून मुंबईच्या गणपत कृष्णाजींसारख्या छापखानदारांनी तुपाची शाई वापरल्याचं सांगतात. कागदही पोथीसारखाच आडवा, सुटा ठेवला. ओवी तीच, अक्षर उलट जास्त स्पष्ट, पण पुस्तक पाटावर बसायचं तर त्याला अंगरखा जुनाच लागला.

न वाचता पूजलेल्या ग्रंथाचं मला माहीत असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण कर्नाटकातल्या मूडबिद्रीचं. त्याचा एक धागा सोलापुरात आणि एक अमरावतीत येतो. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका (म्हणजे भाष्य) हे दिगंबर जैनांचे सर्वांत पूज्य ग्रंथ. त्यांची जुन्या कन्नड लिपीतली ताडपत्रं मूडबिद्रीच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, होती. यात्रेकरू यायचे, त्यांना ताडपत्रांचं दर्शन घडवलं जायचं, नमस्कार करून ते निघून जायचे. शतकानुशतकं हेच. आत काय लिहिलंय हे वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि प्रत बाहेर जाऊ द्यायची नाही हा व्यवस्थेचा कटाक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी पुढाकार घेतला आणि नक्कल करण्याचं काम सुरू झालं; तेही मुळात प्रत मूडबिद्रीतच राहावी या अटीवर. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्याय यांनी गुपचूप आणखी एक प्रत करून घेतली. तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला भाग अमरावतीहून छापून आला. पुढे एकूण १६ भाग निघाले.

या गोष्टीचं तात्पर्य दोन्ही बाजूंनी काढता येतं आणि लोक आपापल्या सोयीने काढतात. पूजा झाली नसती तर ती पानं विसाव्या शतकापर्यंत आलीच नसती, हे खरं. पूजेच्याच नावाखाली ती इतकी वर्षं अभ्यासकांपासून दूर राहिली, हेही खरं. मला यात एक बाजू निवडावीशी वाटत नाही. पण दर्शनाला ठेवलेली ताडपत्रं एके दिवशी वाचायची वेळ आली तेव्हा ती जागेवर होती, एवढं मात्र विसरू नये.

जैनांचाच आणखी एक रिवाज आम्ही जतनाच्या शिबिरांत नेहमी सांगतो. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झटकायचे, वारा द्यायचा, नवी वेष्टनं घालायची आणि पूजा करून परत ठेवायचे. तिथीची वेळ बघा. पावसाळा नुकताच सरलेला, हवा कोरडी होऊ लागलेली. कोणत्याही संस्थेने वार्षिक तपासणीसाठी याहून चांगला मुहूर्त शोधून दाखवावा! आपल्याकडचं दसऱ्याचं सरस्वतीपूजन याच्या जवळ येतं, पण आपण पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो, चार पुस्तकं मांडतो, आपट्याची पानं वाहतो आणि मोकळे होतो. देवघरातली पोथी मात्र बासनातच राहते. तुम्ही हा दिवस पोथीसाठी धरा. काय करायचं ते खाली सांगतो.

त्याआधी पूजेची दुसरी बाजू. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलेलं असणारच, आणि पोथी उघडायला तुमचा हात बिचकतोय त्यामागे तेही असावं. ग्रंथाला देव केलं की त्याला शिवायचं कुणी आणि नाही कुणी, हे ओघाने येतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. त्या दिवशी बाबासाहेबांनी आणि जमलेल्या हजारोंनी मनुस्मृतीवर टीका लिहिण्यावर भागवलं नाही. ग्रंथ समारंभाने पुजला जात असेल तर त्याला उत्तरही समारंभानेच द्यावं लागतं, ही समज त्यामागे होती. आज साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीत ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या गाथेशेजारी भारताचं संविधान पालखीत दिसतं. काही मित्र त्यावर नाक मुरडतात: वाचायचं सोडून मिरवता कशाला? मला त्यात वावगं काही वाटत नाही. पालखीत कोण बसतं आणि खांदा कुणाचा असतो, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून बघावं लागलं, त्यांना या मिरवण्याचं मोल कळतं.

तेव्हा शिवाशिवीबद्दल माझं व्यावसायिक मत: हात साबणाने धुतलेले आणि पूर्ण कोरडे असावेत, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या असाव्यात. कागदाला यापलीकडचं सोवळं लागत नाही. हातमोजेही नकोत, सुती मोज्यांनी बोटांची जाण जाते आणि पानाची कड दुमडते. (आमच्या संस्थांचं सोवळं वेगळं: पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल, पोथी उशीवर, बोलणं हळू आवाजात. नवखा अभ्यासक पहिल्या दिवशी सोवळ्यात जेवायला बसल्यासारखाच अवघडलेला असतो.)

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळ्यांत मोठा शत्रू पाणी. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई बहुतेक काजळी आणि डिंकाची. ती उजेडाने शेकडो वर्षं फिकी होत नाही, पण डिंक पाण्यात सुटतो. ओल्या फुलाचा एक थेंब बासनातून झिरपला तरी चार ओळी पसरतात, आणि मग कोणीच काही करू शकत नाही. त्यानंतर नैवेद्य. साखरेला मुंग्या येतात, मुंग्यांमागे झुरळं येतात, आणि झुरळं कागदाच्या खळीवर ताव मारतात. तुपाचा आणि तेलाचा डाग कागदात कायमचा मुरतो. बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतो, तो दमट हवेत फुटतो आणि खालच्या पाच-सहा पानांपर्यंत उतरतो. हळद त्या मानाने सौम्य, उजेडात फिकी होते, पण साबण किंवा सोडा लागला तर लालभडक होते. म्हणून डाग पुसायला जाऊ नका म्हणतो. पुसलेल्या डागाने जेवढी पानं घालवली तेवढी डागाने घालवली नाहीत.

सासूबाईंची पूजा थांबवायची नाही, फक्त जागा थोडी सरकवायची. पोथी कोऱ्या सुती कापडात बांधा. कापड आधी दोनतीनदा धुऊन त्याची खळ काढून टाका. लाल खारवाच हवा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघा. जात असेल तर तो बाहेरून, आत पांढरं. मग पोथी एका लाकडी पेटीत. पेटी देवघरातच, निरांजनापासून हातभर लांब, भिंतीला न टेकवता. पेटीसमोर छोटा पाट, त्यावर सुपारी किंवा छापील पोथी. हळदकुंकू, फूल, नैवेद्य त्याला. सुपारीवर गणपतीचं आवाहन करून पूजा सांगणाऱ्या घरात हे पटायला वेळ लागत नाही, माझा तरी तसा अनुभव आहे. सासूबाईंना ‘पोथी खराब होते’ असं सांगू नका, त्यांना तो ठपका वाटेल. ‘महाराजांना पेटी केली’ म्हणा.

जुनं बासन फेकू नका. त्यावरची कुंकवाची पुटं, गाठ मारून मारून पडलेली घडी, सासऱ्यांनी पेनाने काही लिहिलं असेल तर ते, हे सगळं पोथीचंच आहे. ते वेगळं घडी करून कागदी पाकिटात ठेवा. दोन बाजूंच्या लाकडी फळ्या असतील तर त्याही पोथीबरोबरच ठेवा.

प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. डांबराच्या गोळ्या नकोत. वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात चालेल, पण पानांना लागेल अशी नाही. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन्ही गोष्टींचं नावच काढू नका. लॅमिनेशन केलेली पोथी घेऊन लोक कौतुकाने येतात तेव्हा काय बोलावं ते मला सुचत नाही.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास उघडीप बघून, पोथी सोडा. सावलीत, वाऱ्यावर, उन्हात नाही. पंखा बंद ठेवा. पानं एकेक उचलून पालथी ठेवत जा, क्रम जाऊ देऊ नका. आकडा बहुधा पानाच्या मागच्या बाजूच्या समासात असतो. सुटे कुंकू-अक्षता मऊ कोरड्या कुंचल्याने पानाच्या बाहेरच्या दिशेला हळूच सारा. दोन पानं चिकटली असतील तर ओढू नका, तशीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एक फार महत्त्वाचं: पान पिवळंधमक असेल किंवा अक्षरांवर पिवळा लेप दिसला तर तो हरताळ असू शकतो. चूक झाकायला आणि कीड लागू नये म्हणून तो लावत. त्यात आर्सेनिक असतं. लाल हिंगुळात पारा असतो. तेव्हा जिभेला बोट लावून पान उलटायची सवय इथे चालणार नाही, आणि काम झालं की हात धुवायचे. लहान मुलांना बघू द्या, हात लावू देऊ नका.

त्याच दिवशी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंनी. हा तुमच्या मुलाच्या मुद्द्याचा अर्धा तोडगा आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर संस्था (१९१७), धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर अशा ठिकाणी हस्तलिखितं सांभाळण्याची जुनी परंपरा आहे, आणि पोथी द्यायचीच झाली तर अशाच ठिकाणी, लेखी पोच घेऊन द्या. पण गुरुचरित्राच्या प्रती कमी नाहीत. तुमची प्रत फार जुनी किंवा वेगळ्या पाठाची निघाली नाही, तर संस्थेत ती रॅकवरचा एक क्रमांक होईल. सासूबाई आहेत तोवर ती घरीच राहू द्यावी असं मला वाटतं. फोटोंची प्रत मात्र संस्थेला आत्ताच देता येईल.

आणि कुणी ‘जीर्ण झाली, नदीत सोडा’ म्हणालं तर साफ नाही म्हणा. इंद्रायणीत गेलेल्या तुकोबांच्या वह्या वर आल्या, ही श्रद्धा आहे. काजळीच्या शाईचं नदीत काय होतं ते मी वर सांगितलंच.

पोथी सोडाल तेव्हा शेवटचं पान आधी बघा. ‘इति श्री’नंतर बहुतेक वेळा शके, संवत्सराचं नाव, तिथी, वार, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्या पानाचा स्वच्छ फोटो इथे टाका, घरातल्या कुणाचं नाव असेल तर तेवढं झाका. शके आणि संवत्सर एकमेकांशी जुळतात का ते आधी तपासू, म्हणजे तारीख लिहिताना काही चूक झाली आहे का, याचा अंदाज येईल.